आमच्या वेबसाइटची गुरुवारची सुट्टी

जगातल्या सगळ्या वेबसाइट आठवड्याचे सातही दिवस चालू असतात. आमच्या वेबसाइटला मात्र गुरुवारची साप्ताहिक सुट्टी होती.

ही सुट्टी तिनं आयुष्यात एकदाच घेतली हे खरं. पण काही माणसं वर्षानुवर्षं रजा टाकत नाहीत आणि टाकतात ती नेमकी ऑडिटच्या दिवशी, त्यातली ती निघाली. आणि तिला हा गुण लावणारा माणूस दुसरातिसरा कुणी नसून मीच!

बाहेरगावच्या वाचकांना आधी आमचा गुरुवार समजावून सांगायला हवा. पिंपरी-चिंचवडच्या छोट्या कारखानदारीत रविवारला फारशी किंमत नाही. आमचा रविवार गुरुवारी येतो. त्या दिवशी एमआयडीसीची लाइट सकाळपासून संध्याकाळपर्यंत बंद, वर्कशॉपची शटरं खाली. दाढी-कटिंग, दळण, सोयरिकीची बोलणी सगळं गुरुवारी. गुरुवार नसतो तो फक्त मेंटेनन्सवाल्याला, कारण सगळी मशीनं थांबली की त्याचं काम सुरू होतं. मी भोसरीतल्या एका कंपनीत तीस वर्षं मेंटेनन्सला होतो. तीस वर्षं माझे गुरुवार ग्रीसमध्ये गेले. रिटायर झालो तेव्हा कंपनीनं मला घड्याळ दिलं आणि मी स्वतःला गुरुवार दिला. त्या दिवशी मोबाइल बंद, पाय समोरच्या खुर्चीवर, आणि पेपर पहिल्या पानापासून हरवलेल्या माणसांच्या जाहिरातींपर्यंत. घरात कुणी "गुरुवारी जरा..." एवढं म्हटलं तरी मला ऐकू येईनासं व्हायचं.

हा गुरुवार लक्षात ठेवा. (मी ठेवला नाही, त्याचीच ही गोष्ट आहे.)

माझी बायको शैला हातमोजे शिवते. कंपनीतले कामगार पत्रा उचलताना, गरम पार्ट धरताना घालतात ते जाड हातमोजे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आठ मशीनं आणि आठ बायका. अकरा वर्षं तिचा माल चाकणच्या कंपन्यांत जात होता, पण मधल्या व्यापाऱ्याच्या नावानं. चाकणमधल्या कितीतरी कामगारांच्या हातावर शैलाची शिलाई होती आणि शैला कोण हे एकालाही माहीत नव्हतं. ती बोलून दाखवायची नाही. पण व्यापारी खोक्यावर स्वतःचं लेबल चिकटवायचा तेव्हा ती शेडमधून उठून आत चहा टाकायला जायची, हे मी अकरा वर्षं बघत होतो.

मग एके दिवशी चाकणच्या एका मोठ्या कंपनीच्या परचेस मॅडमनी तिला शोधून काढलं आणि बोलावून घेतलं.

"थेट तुमच्याकडूनच घेऊ ना," मॅडम म्हणाल्या. "तुमचं नाव व्हेंडर लिस्टमध्ये यायला पाहिजे. फॉर्म भरा, सॅम्पल आणा. वेबसाइट आहे ना तुमची?"

शैलानं तोंड उघडलं. ती "नाही" म्हणणार होती. तिच्या आधी मी म्हणालो, "आहे की!"

त्या क्षणी वेबसाइट सोडाच, आमच्या शेडला धड पाटीसुद्धा नव्हती.

"छान. दोन आठवड्यांनी व्हेंडर निवडायची कमिटी बसते. तिथेच सगळे मिळून बघू," मॅडम म्हणाल्या. परतीच्या रस्त्यावर शैला गाडीत फॉर्म उलटसुलट करून बघत होती. मोशी आली तेव्हा तिनं विचारलं, "अहो, आपली वेबसाइट कधी झाली?"

"होईल गं. पानं ऋतुजा करून देईल. ठेवायची कुठे, एवढंच ठरवायचं!"

ऋतुजा म्हणजे आमची मुलगी, हिंजवडीला आयटीत आहे. तिनं दोन दिवसांत हातमोज्यांचे फोटो, माहिती, पत्ता असं सगळं झकास तयार केलं. उरलं ते माझं 'एवढंच'. इंटरनेटच्या भाषेत त्याला होस्टिंग म्हणतात. त्यासाठी रविवारी सकाळी तात्यांच्या ओट्यावर बैठक भरली.

तात्या म्हणजे माझे वडील. वय ब्याऐंशी. आम्ही मूळचे भोसरीचे. शेतं कारखान्यांत गेली तेव्हा उरलेल्या तुकड्यात तात्यांनी खोल्या पेरल्या. समोरासमोर सहा-सहा, एकूण बारा. तेव्हापासून तात्यांच्या लेखी जगात दोनच जातीची माणसं: भाडं घेणारी आणि भाडं देणारी. पंतप्रधान जरी टीव्हीवर आले तरी तात्या विचारतात, "ह्यो ऱ्हातो ती जागा सोताची का भाड्याची?"

अशा माणसासमोर ऋतुजानं सुरुवात काय करावी? "तात्या, वेबसाइटला इंटरनेटवर राहायला जागा लागते. ती भाड्यानं मिळते."

तात्या ताठ बसले. चष्मा आला. वही आली.

"सगळ्यात स्वस्त म्हणजे शेअर्ड," ऋतुजा म्हणाली. "एका मोठ्या कॉम्प्युटरवर शे-दोनशे वेबसाइट एकत्र राहतात."

"म्हंजे चाळ. नळ एकच?"

ऋतुजा जरा अडखळली. "तसंच म्हणा. एकाकडे गर्दी झाली की बाकीच्यांची साइट हळू होते."

"एक जन समदी पिंपं भरनार आन बाकीचे बोंबलनार. कळलं. म्होरं?"

"मग व्हीपीएस. इमारत एकच, पण आपला ब्लॉक वेगळा, मीटर वेगळं. त्याच्यावर डेडिकेटेड. म्हणजे स्वतंत्र बंगला."

"आणि क्लाउड?" मी विचारलं. (मला क्लाउड हा शब्द येतो हे घरच्यांना कळावं म्हणून.)

"क्लाउड म्हणजे लॉज, बाबा. जेवढं राहाल तेवढं भाडं. पाहुणे वाढले तर खोल्या वाढवून मिळतात."

"लॉज नगं," तात्यांनी निकाल दिला.

"आपल्याला साधी चाळीतली खोली भरपूर झाली," ऋतुजा म्हणाली. "हातमोजे बघायला अशी किती गर्दी होणार?"

"मग घेऊन टाक," शैला म्हणाली. इथे बैठक संपायला हवी होती. वाचकहो, त्या दोघींनी मिळून तीन मिनिटांत अचूक निर्णय घेतला होता!

पण तात्या म्हणाले, "जागा बघितल्याबिगर?" आणि त्यांनी ऋतुजाकडून एका होस्टिंगवाल्याचा नंबर लावून घेतला. फोन स्पीकरवर.

"जागा कुठं हाय तुमची?"

"सर, आमचं डेटा सेंटर परदेशात आहे."

"आन बिघडलं म्हंजे पान्हा घिऊन कोन जानार?"

"सर, बिघडतच नाही. चोवीस तास चालू राहण्याची गॅरंटी आहे."

"चोवीस तास पानी म्हनून आमीबी सांगतो. शेजारी कोन कोन हायेत?"

"सर, ती माहिती गोपनीय असते."

तात्यांनी फोनवर तळवा ठेवला. "शेजारी कोन ते सांगत न्हाई. गडबड हाय." मग तळवा काढून, "दुसरी किल्ली कुनाकडं ऱ्हाती?"

"किल्ली, सर?"

"आमी खोली देतो तवा एक किल्ली आपल्याकडं ठिवतो. भाडेकरू गावाला गेला, नळ फुटला, आग लागली, तर उघडायला नगं?"

पलीकडे हलक्या आवाजात कुणाला तरी विचारणं झालं. मग तो बिचारा म्हणाला, "सर, तुम्हाला बॅकअप म्हणायचंय का?"

"तुमी त्याला काय म्हनता ते म्हना."

"त्याचे वेगळे चार्जेस पडतील, सर."

तात्यांनी फोन ठेवून दिला. मी हसून हसून ओट्यावरून पडायचा बाकी होतो. किल्ली म्हणे! नळ म्हणे! तीस वर्षं कारखान्याची मशीनं चालवलेल्या माणसाला हा सगळा खेडवळ कारभार वाटला. मी उठलो, पँट वर ओढली आणि आमच्या घराण्याच्या इतिहासातलं सर्वांत महागडं वाक्य बोललो.

"आपण भाड्यानं राहायचंच कशाला?"

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"आपण खोल्या देणारी माणसं. सात नंबरची खोली रिकामी आहे. घरात जुना कॉम्प्युटर पडलाय. त्याचाच सर्व्हर करतो! स्वतःची जागा, स्वतःचं मशीन."

"बाबा, नको," ऋतुजा कळवळून म्हणाली. "तो कॉम्प्युटर मी आठवीत होते तेव्हाचा आहे!"

"जुनं लोखंड टिकाऊ असतं."

"आणि लाइट गेली तर?"

याच प्रश्नाची मी वाट बघत होतो. गावातली लाइट दिवसातून दोनदा डोळे मिटते. पण तात्यांनी वर्षानुवर्षं खेटे घालून शैलाच्या शेडची आणि खोल्यांची लाइन एमआयडीसीच्या फिडरवर घेतली होती. कारखान्यांना जाणारी लाइट ती! "खोल्यांची लाइट कधी जाते का, तात्या?"

"न्हाई! हूं की चूं न्हाई!" तात्यांची छाती फुगली. "आन आपल्यात कुनी भाड्यानं ऱ्हायलं न्हाई. बापजाद्यांत न्हाई."

शैलानं फक्त एवढंच विचारलं, "अहो, माझं अकरा वर्षांचं काम आहे यात. नक्की ना?"

"नक्की म्हणजे नक्की!" मी म्हणालो.

शुक्रवारी सात नंबरच्या खोलीत सर्व्हरचा गृहप्रवेश झाला. तात्यांनी नारळ फोडला, दाराला लिंबू-मिरची बांधली. कॉम्प्युटरला हळदकुंकू लागलं. भाडेकरूंना पेढे वाटले. ऋतुजानं नाइलाजानं सगळी जोडणी करून दिली आणि जाताना माझ्याकडे, दवाखान्यात सही घेताना डॉक्टर बघतात तसं बघितलं. कुणी उगाच बटणं दाबू नयेत म्हणून मी कीबोर्ड काढून घरी आणला आणि कपाटात कुलपात ठेवला. स्क्रीन तेवढा राहू दिला, कारण तात्यांना नवा भाडेकरू येता-जाता बघायचा होता.

वेबसाइट चालली हो! खरोखर चालली. पानाच्या तळाला किती पाहुणे येऊन गेले ते दाखवणारा आकडा होता. सोमवारपर्यंत तो दोनशेवर गेला. मी हरखलो. मग कळलं, तात्या पाण्याची टाकी बघायला जातात तसे तासातासाला मोबाइलवर वेबसाइट बघत होते, आणि भाडेकरूंनाही तंबी होती, "रोज एकदा बघायची. बघितली का म्हनून मी इचारनार!"

संध्याकाळी मात्र साइट दमायची. एकेक फोटो उघडायला चहा पिऊन व्हायचा. शोध घेतला तेव्हा समजलं की तात्यांनी खोल्या देताना वायफाय फुकट कबूल केलंय, त्याच लाइनवर आमचा सर्व्हर आहे, आणि उरलेल्या अकराच्या अकरा खोल्यांत क्रिकेटची मॅच चालू आहे.

"बाबा," ऋतुजा फोनवर म्हणाली, "हीच ती चाळ आणि हाच तो एक नळ."

परक्याच्या चाळीत जागा नको म्हणून आम्ही आपल्याच चाळीत पिंप घेऊन रांगेत उभे राहिलो होतो. तरी मी हार मानली नाही. कमिटी दिवसा बसते, मॅच संध्याकाळी असते, असा हिशोब करून मी निश्चिंत झालो.

बुधवारी दुपारी मॅडमचा फोन आला. "उद्या अकरा वाजता कमिटी आहे. सॅम्पल घेऊन या."

"उद्या? गुरुवारी?" शैलानं विचारलं.

"हो, आम्ही व्हेंडर मीटिंग मुद्दाम गुरुवारी ठेवतो. तुमच्याकडे सगळं बंद असतं ना, लोक मोकळे असतात."

फोन स्पीकरवर होता. गुरुवारी सगळं बंद असतं, हे वाक्य माझ्या या दोन कानांनी ऐकलं. आणि माझ्या डोक्यात विचार काय आला? की गेला आपला गुरुवार! पेपर गेला, खुर्ची गेली. मी तोंड वाकडं करून बसलो.

"एक गुरुवार माझ्यासाठी द्या," शैला म्हणाली.

"दिला," मी म्हणालो. असा काही उदारपणे म्हणालो की तिला बिचारीला भरून आलं.

गुरुवारी नऊला निघालो. चाकणचा रस्ता नेहमीसारखाच. पुढे कांद्याचा ट्रक, मागे कंपनीची बस, मध्ये आम्ही. शैलानं इस्त्रीची साडी नेसली होती. मांडीवर हातमोज्यांची पिशवी होती आणि ती कापडाची जाडी, शिलाईचा दोरा, कुठला मोजा कशाला चालतो हे पुटपुटत होती. परीक्षेला निघालेल्या पोरीसारखी दिसत होती. मी म्हणालो, "घाबरतेस काय! वेबसाइट बघूनच अर्धे गार होतील."

कमिटीत चौघे होते. मॅडम, दोन साहेब आणि शॉपफ्लोरचे एक जाड मिशीवाले सुपरवायझर. भिंतीवर दरवाजाएवढा स्क्रीन.

"चला, आधी वेबसाइट बघू," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पत्ता टाईप केला.

स्क्रीनवर एक छोटं चक्र गोल गोल फिरू लागलं. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. पाणी आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, पण ते तेव्हा सुचत नाही.

"तुमचं नेट स्लो असेल," मी म्हणालो.

मॅडमनी दुसरी कुठली तरी साइट उघडली. ती टिचकी वाजवावी तशी उघडली. पुन्हा आमची लावली. चक्र. मग चक्रही थकलं आणि ही साइट सापडत नाही असा मजकूर आला, एवढ्या मोठ्या अक्षरांत की मागच्या भिंतीवरूनही वाचता यावा!

शैलानं माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर परवडलं असतं. ती नुसतीच बघत होती, अकरा वर्षं चहा टाकायला उठायची तेव्हा दिसायची तशी. मला फार वाईट वाटलं. मी "एक मिनिट" म्हणत बाहेर पॅसेजमध्ये पळालो आणि तात्यांना फोन लावला.

"तात्या, सात नंबरमध्ये जा. कॉम्प्युटर चालू आहे का बघा!"

चपलांचा आवाज. कुलूप. दार.

"बंद हाय."

"बंद? कुणी केला?"

"कोन कशाला करंल? लाइट न्हाई."

"लाइट कशी नाही? खोल्यांची लाइट कधी जात नाही म्हणालात ना!"

"आरं, आज गुरुवार न्हाई का?"

मी भिंतीला टेकलो. तीस वर्षं! तीस वर्षं दर बुधवारी, 'उद्या गुरुवारी वीजपुरवठा बंद राहील' ही नोटीस मी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या सहीनं बोर्डावर लावत होतो. कारखान्याचा फिडर म्हणून मी जी लाइट मिरवली, तिला कारखान्याचीच सुट्टी असणार हे पिंपरी-चिंचवडमधलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. तात्यांनाही मी दोष देऊ शकत नव्हतो. आमच्याकडे गुरुवारी लाइट 'जात' नाही. ती सुट्टीवर असते. ते जाण्यात कुणी धरतच नाही!

पण मेंटेनन्सवाला सहजासहजी हरत नसतो.

"तात्या, तुमच्या घरातला इन्व्हर्टर सात नंबरला न्या. ताबडतोब!"

गुरुवार असल्यामुळे सगळे भाडेकरू घरीच होते. फोनमधून मला युद्धभूमीचे आवाज येऊ लागले. "धरा रं! आडवी करू नगा, पानी सांडंल!" मध्येच एका बाईचा आवाज आला. चार नंबरच्या सुरेखाताई, लातूरकडच्या.

"काय करू लागलाव तात्या? कुनाची तब्येत बिघडली का?"

"वेबसाइटची!"

दहा मिनिटांनी कॉम्प्युटर सुरू झाला. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं आली म्हणून तात्यांनी फोन सुरेखाताईंकडे दिला.

"भाऊ, कीबोर्ड सापडंना म्हनून लिहिलंय. फुडं जायाचं असंल तर एफ-वन दाबा म्हनालंय."

"मग दाबा की!"

"कशावर दाबू? कीबोर्डच न्हाई की हितं!"

कीबोर्ड माझ्या कपाटात. कपाटाला कुलूप. किल्ली माझ्या खिशात, चाकणला.

फोन पुन्हा तात्यांकडे गेला. त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "दुसरी किल्ली कुनाकडं हाय?"

मी खिशातली किल्ली चाचपली.  सुरेखाताईच धावल्या, टायपिंगच्या सरावासाठी आणलेला स्वतःचा कीबोर्ड घेऊन आल्या, आणि मी चाकणच्या त्या चकचकीत पॅसेजमध्ये "एफ-वन! एफ-वन दाबा!" असा ओरडत राहिलो. सिक्युरिटीवाला दोनदा येऊन बघून गेला.

कॉम्प्युटर चालू झाला, तर इंटरनेटचा डबा बंद. का? तर तो तात्यांच्या घरी होता, तिथली लाइनही तीच, म्हणून गुरुवारी तो त्याच इन्व्हर्टरवर चालायचा, जो आम्ही आत्ताच उचलून सात नंबरला आणला होता! डब्याला बॅटरी द्यावी तर कॉम्प्युटर बंद, कॉम्प्युटरला द्यावी तर डबा बंद. शेवटी वायरला वायर, बोर्डाला बोर्ड जोडत, खिडकीतून अंगण ओलांडून वायर नेण्याचं ठरलं.

आणि तेवढ्यात मीटिंगच्या खोलीतून हसण्याचा मोठा आवाज आला.

संपलं, असं म्हणत मी दार लोटलं. आत काय झालं होतं ते शैलानं मला नंतर सांगितलं. मॅडमनी विचारलं होतं, "वेबसाइट ठेवलीय कुठे तुम्ही?" शैलाला त्या क्षणी आपली शेड आठवली. आज आपली आठही मशीनं बंद आहेत, म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या खोल्यांतही तेच. तिनं सरळ सांगून टाकलं, "सासऱ्यांच्या भाड्याच्या खोल्या आहेत, त्यातल्या सात नंबरला. लाइट कधी जात नाही असं मिस्टर म्हणाले होते. पण मॅडम, आज गुरुवार आहे."

 मग मिशीवाल्या सुपरवायझरांनी टेबलावर थाप मारली. "गुरुवारचा शटडाउन! अहो, वेबसाइटला वीकली ऑफ!" ते स्वतः आमच्याच पिंपरी-चिंचवडमधल्या आकुर्डीचे. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

मी आत गेलो तेव्हा शैलानं पिशवी टेबलावर रिकामी केली होती. "वेबसाइटवर नुसते फोटोच होते," ती म्हणत होती. "हे खरे आहेत. हात घालून बघा."

सुपरवायझरांनी एक मोजा चढवला. मूठ वळली, उघडली. मग अंगठ्याच्या बेचक्यातली शिलाई उलटी करून बघितली आणि त्यांचं हसू थांबलं.

"ही अंगठ्याची दुहेरी शिलाई मी ओळखतो. आमच्या लाइनवर पोरं हेच मोजे मागतात. हे तुमचे?"

"अकरा वर्षं माझेच," शैला म्हणाली. एवढंच म्हणाली. 

नेमक्या त्याच वेळी माझ्या हातातला फोन गरजला, "पेटला! पेटला!" मॅडमनी पुन्हा पत्ता टाकला आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर आमची वेबसाइट उघडू लागली. वरून खाली, सावकाश. शैलाच्या युनिटचं नाव आलं. मग एक भला मोठा हातमोजा यायला लागला. त्याची तीन बोटं उघडली आणि तात्यांच्या इन्व्हर्टरची बॅटरी संपली.

कमिटी पुन्हा पाच मिनिटं हसली.

"मोजे पास," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "पण सोमवारपर्यंत वेबसाइट नीट चालू पाहिजे. आमच्या ऑर्डरी त्यावरच्याच ईमेलवर येणार. गुरुवारीसुद्धा!"

परत येऊन थेट तात्यांकडे गेलो तर तात्या ओट्यावर, अंगणभर वायरींचं जाळं, आणि मांडीवर तीच वही. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण तात्या कामात होते. बॅटरी संपल्यापासून ते एकेका होस्टिंगवाल्याला फोन करत होते.

"आज गुरुवार," ते म्हणाले. "आज जो फोन उचलंल त्योच खरा घरमालक. सुट्टीच्या दिशी नळ फुटला तर कोन येतंय, ह्ये बघूनच खोली घ्यावी."

पाच ठिकाणी फोन झाले होते. दोन ठिकाणी नुसतं संगीत वाजलं. एकानं उद्या करा म्हणून सांगितलं. एकानं तात्यांचा पहिलाच प्रश्न ऐकून फोन कापला. पाचव्या ठिकाणी एका मुलीनं दुसऱ्या रिंगला उचलला आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. जागा मुंबईत. लाइट गेली तर दोन-दोन जनरेटर. शेजाऱ्यांनी पाणी जास्त ओढलं तर त्यांचा नळ आवळतात. दुसरी किल्ली रोज बनते, तिचे वेगळे पैसे नाहीत.

"शेवटाला इचारलं, खोली सोडताना सामान घिऊन जाऊ देता का अडवता? तर म्हनाली, आजोबा, सामान तुमचंच, कवाबी न्या. मग म्या हो म्हनलं."

ऋतुजा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून फोनवर हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "बाबा, आमच्या कंपनीत सर्व्हर घेताना एक मोठी मीटिंग होते. त्यात हेच प्रश्न विचारतात."

मी घसा खाकरला. "पण तात्या, बापजाद्यांत कुणी भाड्यानं राहिलं नाही, त्याचं काय?"

"वेबसाइट म्हंजे लेक, बाबा," तात्या म्हणाले. "चांगलं घर बघून द्यायची आसती. घरात कोंडून न्हाई ठिवायची."

शनिवारी आमची वेबसाइट नांदायला गेली. चाळीतली साधी खोली, ऋतुजानं पहिल्या दिवशी सांगितली होती तीच! सोमवारी मॅडमनी साइट बघितली, आणि आठवड्याभरात व्हेंडर लिस्टचा कागद आला. त्यावर शैलाचं नाव होतं. मध्ये कुणी नाही, नुसतं तिचं. तिनं तो कागद शेडमध्ये पहिल्या मशीनच्या वर चिकटवला, आठही बायकांना बोलावून दाखवला, आणि त्या दिवशी चहा मी टाकला. सात नंबरच्या खोलीत आता शैलाची दोन जादा मशीनं आहेत. गुरुवारी तीही बंद असतात, आणि कुणाचं काही बिघडत नाही.

काही दिवसांनी एका बुधवारी सहज वेबसाइट उघडून बघितली. आता ती खरंच टिचकीसरशी उघडते. 'आमच्याविषयी' या पानावर शैलाचं नाव आहे, निर्मिती म्हणून ऋतुजाचं आहे, आणि जागेची निवड म्हणून चक्क तात्यांचं आहे. तात्यांचा फोटोसुद्धा आहे, वहीसकट. माझं कुठे दिसेना. मी खाली खाली जात राहिलो. अगदी तळाला, पाहुण्यांच्या आकड्याच्या वर एक ओळ सापडली: 'आमचे युनिट दर गुरुवारी बंद असते. गुरुवारी तातडीच्या कामासाठी संपर्क'. आणि पुढे माझा मोबाइल नंबर.

"शैला, हे काय?" मी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना, गुरुवार दिला म्हणून?"

पहिला फोन दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी सकाळी नऊ वाजता आला, मी पेपरच्या पहिल्या पानावर असताना. तेव्हापासून आमच्या घरात गुरुवारी चालू असणाऱ्या गोष्टी दोनच: वेबसाइट आणि मी. त्यातल्या वेबसाइटला निदान बॅकअप आहे!